पतंगाला बांधलेली काचपट्टी

पाऊस परतीला लागला, घटस्थापना जवळ आली, की आमच्या अम्मीचा दमा उचल खायचा. खडकीत रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. रात्र-रात्र ती उशांना टेकून बसलेली असायची आणि ज्याला त्याला तिच्या आजाराचं कारण ठाऊक असायचं. मामीजान म्हणायच्या, 'चिंच खाल्ली असशील.' शेजारच्या काकू म्हणायच्या, 'आधी ते दही सोडा.' अम्मीने दही सोडलं, चिंच सोडली, केळी सोडली. दमा काही सुटला नाही. वर आपणच काहीतरी चुकीचं खातो, ही बोच तिच्या मनात कायमची राहिली.

दुखणं दरसाल ठरल्या दिवसांत येतं, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. तारीख पाहून येणाऱ्या आजाराचं कारण ताटात शोधण्याआधी हवेत शोधावं, हे एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. त्याचीच हकिगत आज सांगणार आहे.

१८१९ साली लंडनच्या जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी आपल्या सहव्यवसायिकांपुढे एका रोग्याची माहिती वाचली. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात, शिंका येतात, छाती भरते. तो रोगी म्हणजे स्वतः बोस्टॉक. नऊ वर्षं शोधून त्यांना असे आणखी २८ रोगी सापडले. लोक म्हणत, हा वाळल्या गवताचा ताप. बोस्टॉक मात्र उन्हाळ्याच्या उष्म्याला दोष देत राहिले.

मग आले मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली. आपल्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांकडे जायचा, त्यांच्याच मुलखातलं हे शहर. त्यातल्या ह्यूम नावाच्या वस्तीत ब्लॅकली होमिओपॅथीचा दवाखाना चालवत. त्यांनाही हाच विकार. घरातल्या मुलांनी एकदा फुलोऱ्यावर आलेलं गवत फुलदाणीत आणून ठेवलं. ब्लॅकली त्याच्याजवळ गेले आणि त्यांना शिंकांनी हैराण केलं. तिथे त्यांचा संशय पक्का झाला. पुढे त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकाला लावले, डोळ्याला लावले, हाताची कातडी खरवडून तिच्यावर चोळले. हात सुजला. ॲलर्जीसाठी आज कातडीवर जी चाचणी करतात, तिची ही पणजी म्हणा.

पण त्यांचं खरं काम पुढचं आहे. काचेच्या पट्टीला चिकट द्रव लावून ती ते उघड्या हवेत ठेवत. चोवीस तासांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तिच्यावरचे परागकण मोजत. एकीकडे हा आकडा, दुसरीकडे त्या दिवशीचा स्वतःचा त्रास. दोन्ही सोबतच चढत आणि सोबतच उतरत. पाऊस पडला की कण कमी, त्रासही कमी. उंचावर काय असेल, म्हणून त्यांनी एकामागे एक पतंग जोडून काचपट्टी हजार फुटांहून वर चढवली. तिथे जमिनीपेक्षा जास्त पराग मिळाले. म्हणजे हे कण दुरून, वाऱ्यावर स्वार होऊन येतात. आम्ही पोरं संक्रांतीला मांजा सुतायचो ते दुसऱ्याचा पतंग काटायला. या गृहस्थाने पतंगाकडून वाऱ्याची झडती घेतली. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं आणि चार्ल्स डार्विननेही त्यांना पत्र लिहिलं.

योगायोग असा, की त्याच वर्षी कलकत्त्यात डी. डी. कनिंगहॅम यांचा हवेच्या तपासणीचा अहवाल छापला गेला. तिथल्या तुरुंगांच्या आवारात त्यांनी हवा तपासली होती. शोध होता तापाच्या आणि पटकीच्या कारणांचा. तो धागा लागला नाही. पण आपल्या हवेत बुरशीचे बीजाणू आणि पराग किती भरलेत, हे कागदावर आलं.

१९५२ साली इंग्लंडात हर्स्ट यांनी हवा सतत ओढून घेणारं यंत्र तयार केलं. आपल्याकडे १९७० च्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादला प्रा. टिळकांनी अशाच कामाचं देशी यंत्र बनवलं. फिरत्या ढोलावर चिकटपट्टी, तिच्यावर हवेतले कण. १९६० च्या दशकात लंडनच्या वर्तमानपत्रांत परागांचा रोजचा आकडा छापून येऊ लागला. त्यामागे सेंट मेरी इस्पितळातले डॉ. फ्रँकलंड होते. २०२० साली ते वारले, तेव्हा त्यांचं वय १०८ होतं.

इथे एक मेख आहे. यंत्रातला आकडा असतो कालचा. आजारी माणसाला हवा असतो उद्याचा. म्हणून कालच्या आकड्याला वारा, पाऊस, ऊन आणि कोणतं झाड कधी फुलतं याची जोड देऊन अंदाज बांधतात. तो कधी चुकतोही. मेलबर्नला नोव्हेंबर २०१६ मध्ये वादळ आलं, परागकण फुटून त्यांचा भुगा हवेत पसरला, हजारो लोकांचा श्वास अडकला आणि दहा जण दगावले. पुढच्या वर्षापासून तिथे अशा वादळांचा वेगळा इशारा देऊ लागले.

दुसरी मेख ब्लॅकलींनाच दिसली होती. मँचेस्टरच्या मध्यवस्तीत पराग कमी आणि शहराबाहेर कितीतरी जास्त. एकाच शहराच्या दोन वस्त्यांची हवा एक नसते. कुठल्या तरी गच्चीवरचं एक यंत्र आमच्या गल्लीची खबर कशी देणार? गल्लीच्या तोंडाशी वावळ असेल तर थंडी सरताना त्याचे पराग. रिकामा प्लॉट असेल तर पावसाळ्यानंतर गवताचे. काँग्रेस गवताची तर भारतातली सुरुवातीची नोंदच पुण्याची, १९५० च्या दशकातली. रेल्वेलाइनच्या कडेला ते आमच्या लहानपणी कमरेएवढं वाढायचं आणि आमच्या घराची खिडकी त्याच बाजूला उघडायची.

अम्मीची तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळे त्या गवतावर मी गुन्हा दाखल करू शकत नाही. पण चिंचेवर आणि दह्यावर आम्ही तो पुराव्याशिवायच दाखल केला होता, आणि शिक्षा भोगली अम्मीने.

आता माझी मुलगी भादव्यात शिंकू लागली आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आम्ही रोज दोन गोष्टी लिहितो: तिला त्रास किती झाला आणि गल्लीत काय फुललंय. दोन वर्षांची पानं जपून ठेवली आहेत. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत नेतो. दही मात्र ती रोज खाते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)