मेणवलीचा घाट आणि घरोघरची दप्तरे

वाईपासून कोसभर अंतरावर, कृष्णेच्या काठी मेणवली हे लहानसे गाव वसलेले आहे. उत्तर पेशवाईचा इतिहास ज्याने थोडाफार वाचला आहे, त्यास हे नाव अपरिचित नाही. नाना फडणीसांचा वाडा आणि त्यांनी बांधविलेला घाट येथे आजही उभे आहेत. गतवर्षी आपल्या मंडळातर्फे सभासद कुटुंबांची अभ्यास-सहल तेथे गेली होती. गावातील एका माहीतगार गृहस्थांनी आम्हा सर्व लहानथोरांना पायी हिंडवून स्थळे दाखविली. तेथे जे पाहिले आणि त्यावरून जे मनात आले, ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यांचा जन्म साताऱ्यास १२ फेब्रुवारी १७४२ रोजी झाला. पानिपतच्या रणातून १७६१ साली ते जिवानिशी परतले, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या धामधुमीत त्यांची आई मात्र कायमची अंतरली. पुढे १७६८ साली भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून मेणवली हे गाव त्यांना मिळाले. नानांनी तेथे वस्ती करविली, वाडा उठविला, घाट बांधविला. बारभाईंचे कारस्थान, सवाई माधवरावांचे पालकत्व, १७९५ ची खर्ड्याची लढाई अशा थोर उलाढालींत ज्यांचे सारे आयुष्य पुण्यास गेले, त्यांनी विसाव्याचे स्थान म्हणून ही शांत नदीकाठची जागा निवडली, यात त्यांची रसिकता दिसून येते.

आमची फेरी घाटापासून सुरू झाली. हा घाट अर्धचंद्राकृती असून त्याच्या दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. काठावर मेणेश्वर महादेवाचे आणि विष्णूचे अशी दोन मंदिरे आहेत. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रण याच परिसरात झाले असल्यामुळे आमच्याबरोबरच्या तरुण मंडळींस घाट पाहताच ओळख पटली. इतिहासाच्या पुस्तकाने जे साधले नाही ते चित्रपटाने साधले, असे कोणी थट्टेने म्हणाले. आम्हांस त्यात गैर वाटले नाही. मुले कोणत्याही निमित्ताने आली तरी चालेल. येऊन त्यांनी प्रश्न मात्र विचारले पाहिजेत.

आणि प्रश्न निघालाही. मंदिरांपाशी एका लहानशा दगडी मंडपात एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती असून १७०७ हे साल आहे. ही घंटा मुळात पोर्तुगीजांच्या चर्चमधील असून मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत मिळविली, असे सांगितले जाते. नानांनीच ती जिंकून आणली, अशीही समजूत आढळते. आमच्यातील आठवीत शिकणाऱ्या एका मुलीने चटकन विचारले, “वसई कधी पडली?” वसई चिमाजी अप्पांनी घेतली ती १७३९ च्या मे महिन्यात. म्हणजे नानांच्या जन्मास तेव्हा अद्याप जवळजवळ तीन वर्षांचा अवकाश होता! घंटा वसईकडून आली असली, तरी ती नानांपर्यंत मागाहून, दुसऱ्या कोणाच्या हातून पोहोचली असली पाहिजे. इतिहास म्हणजे सनावळ्यांची घोकंपट्टी, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. परंतु दोन सने शेजारी शेजारी मांडली की खऱ्याखोट्याची पारख कशी होते, हे त्या मुलीने सर्वांसमक्ष दाखवून दिले.

घाटावरून आम्ही वाड्यात आलो. वाडा सहा चौकांचा आहे. जाड भिंती, सागवानी खांब व तुळया आणि भिंतींवरील जुनी रंगीत चित्रे पाहून मंडळी थक्क झाली. तथापि मेणवलीचे खरे धन या दगडालाकडात नव्हते. ते होते कागदांत. फडणीस हा शब्दच मुळी ‘फर्दनवीस’, म्हणजे याद्या लिहिणारा, यावरून आला आहे. जमाखर्च, टिपणे, दूरदूरच्या वकिलांची पत्रे यांचा संग्रह हीच नानांच्या हातातील मोठी शक्ती होती. त्यांच्या संग्रहातील जे कागद येथे राहिले, ते ‘मेणवली दप्तर’ म्हणून प्रसिद्ध आहेत. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते मिळवून आपल्या संग्रहात जतन केले. त्यांचे साताऱ्याचे संग्रहालय १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नेण्यात आले आणि हे कागद अभ्यासकांस उपलब्ध झाले. वाईचाही मान येथे सांगितला पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईस सापडलेल्या कागदांवरूनच.

कागदाचे मोल केवळ पंडितांना असते असे नव्हे. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मागे राहिलेली त्यांची पत्नी जिऊबाई वयाने अगदी लहान होती. दुसऱ्या बाजीरावाने नानांची मालमत्ता जप्त केली. पुढे १८०४ साली वेलस्लीच्या मध्यस्थीने जिऊबाईंस सालीना बारा हजार रुपयांची नेमणूक झाली आणि माल्कम गव्हर्नर असताना मेणवली गाव त्यांना इनाम मिळाले. त्या १८५४ साली वारल्या. त्याच सुमारास, १८५२ च्या कायद्याने, इनाम कमिशन गावोगाव सनदा तपासू लागले होते. ज्यांच्या घरी लेखी पुरावा होता त्यांचा हक्क टिकला. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या, अशा कित्येकांची पिढीजात इनामे गेली.

वाड्याच्या ओसरीवर हे सर्व ऐकत असताना आमच्यातील एक वयोवृद्ध सभासद हळूच म्हणाले, “आमच्या घरीही मोडी कागदांची दोन गाठोडी होती. वडील गेले त्या साली घर आवरले. कोणास वाचता येईनात. रद्दीत घालणे बरे वाटले नाही, म्हणून नदीत सोडली.” काही वेळ कोणीच बोलले नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पूर्वजांच्या अक्षरांचा अवमान होऊ नये, एवढीच भावना होती. परंतु त्या दोन गाठोड्यांत काय होते, हे आता कोणासही सांगता येणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीत कोणी नाना फडणीस झाले नाहीत. आपला इतिहास कोणत्याही बखरीत सलग लिहिलेला नाही. आपले पूर्वज कोठून कोठे गेले, कोणता व्यवसाय करीत, देवस्थानास काय देत, दुष्काळात जमीन कोणाकडे गहाण पडली, लेकीच्या लग्नास किती खर्च आला, हे सारे असले तर अशाच गाठोड्यांत असणार. थोरांचे कागद राखण्यास संस्था पुढे येतात. आपले कागद आपणच राखले नाहीत, तर दुसरे कोण राखणार?

यास फार खर्च लागत नाही. माळ्यावरील, देव्हाऱ्यामागील, जुन्या पेटीतील कागद बाहेर काढावेत. मऊ कुंच्याने धूळ झटकावी. ते चिकटपट्टीने जोडू नयेत, ओल्या जागी ठेवू नयेत, त्यांस घड्यांवर घड्या घालू नयेत. जुनी दप्तरे स्वच्छ सुती रुमालात बांधीत. आपणही तसेच करावे आणि वर चिठ्ठी लावावी. घरातील वडीलधाऱ्यांस जे आठवते ते त्यांच्या हयातीतच लिहून घ्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोडी शाळेत शिकवीत असत. ती शिकण्यास अवघड नाही, आणि मंडळाच्या दोन-चार तरुणांनी मनावर घेतले तर वर्षभरात ती हस्तगत होईल. ज्यांना कागद घरी सांभाळणे शक्य नसेल, त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेचा सल्ला घ्यावा. पुण्याची ही संस्था १९१० पासून हेच कार्य करीत आली आहे.

नदीत निर्माल्य सोडण्याची चाल जुनी आहे; पण पूर्वजांची अक्षरे हे निर्माल्य नव्हे. पुढील स्मरणिकेत निदान दहा कुटुंबांनी आपल्या घरच्या एकेका कागदाची हकीकत लिहून धाडावी, अशी सर्व सभासदांस आमची विनंती आहे.