जोगिणींचा आजार आणि आईचे दूध

एखादा रोग कशामुळे होतो हे कळण्यापूर्वी तो कोणाला अधिक होतो हे पाहावे लागते. स्तनांच्या कर्करोगाबाबत ही पाहणी तीनशे वर्षांपूर्वी इटलीत सुरू झाली. बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्यकाच्या प्राध्यापकांनी निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या आजारांवर १७०० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. मठात राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींमध्ये स्तनांचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो, असे त्यांनी त्यात नोंदवले आणि त्याचा संबंध ब्रह्मचर्याशी जोडला.

हे झाले निरीक्षण. मोजदाद केली ती व्हेरोनाच्या दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी. आपल्या शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या. जोगिणींत स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण खरोखरच जास्त होते, हे त्यांनी १८४२ मध्ये आकड्यांनी दाखवले.

पण जोगिणींच्या आयुष्यात नेमके काय वेगळे होते? त्यांना मूल झालेले नव्हते, म्हणून त्यांनी कोणाला अंगावर पाजलेही नव्हते. मग फरक कशाचा? बाळंतपणाचा, की पाजण्याचा?

केवळ रुग्णांना प्रश्न विचारून याचे उत्तर मिळत नाही. रुग्णांपैकी अनेकींना मूल नव्हते असे आढळले, तरी निरोगी स्त्रियांत ते प्रमाण किती, हे ठाऊक नसेल तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. ब्रिटनमधील डॉक्टर जेनेट लेन-क्लेपन यांनी म्हणूनच ५०० रुग्ण स्त्रिया आणि हा रोग नसलेल्या ५०० स्त्रिया यांना सारखेच प्रश्न विचारले. १९२६ च्या त्यांच्या अहवालानुसार रुग्ण स्त्रियांची लग्ने उशिरा झालेली होती, त्यांना मुले कमी होती आणि त्यांनी पाजलेही कमी होते. तुलनेची ही पद्धत आज रोगांच्या अभ्यासात सर्वत्र वापरतात.

१९७० मध्ये ब्रायन मॅकमॅहन आणि सहकाऱ्यांनी जगातील सात ठिकाणची माहिती एकत्र केली. पहिले बाळंतपण अठराव्या वर्षाआधी झालेल्या स्त्रियांना असलेला धोका, ते पस्तिशीनंतर झालेल्यांच्या सुमारे एकतृतीयांश होता. पाजण्याचा मात्र स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि तो मुद्दा मागे पडला.

अडचण अशी, की जिला मुले अधिक, तिचा पाजण्याचा एकूण काळही साहजिकच अधिक. या दोन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या? हाँगकाँगच्या बोटींवर राहणाऱ्या टांका कोळी समाजात बाळाला फक्त उजव्या बाजूला पाजण्याची रीत होती. म्हणजे स्त्री तीच, बाळंतपणे तीच, आहारही तोच; फरक फक्त पाजण्याचा. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा स्त्रियांना उतारवयात होणारा कर्करोग न पाजलेल्या डाव्या स्तनात अधिक आढळला. मुद्दाम आखूनही असा प्रयोग कोणाला जमला नसता!

पुढे २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करण्यात आले. त्यांत सुमारे ५० हजार रुग्ण आणि ९७ हजार इतर स्त्रिया होत्या. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी घटतो, शिवाय पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी घटतो, असे निघाले. हे टक्के मूळ धोक्याचे आहेत, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायला हवे. समजा, शंभरांतील दहा जणींना हा रोग होणार असेल, तर प्रत्येकीने वर्षभर पाजल्यास हा आकडा दहावरून सुमारे ९.६ वर येईल.

असे का होते? गरोदरपणात दुधाच्या ग्रंथींतील पेशी पक्व होतात, आणि पक्व पेशींत कर्करोगाची सुरुवात होण्याचा संभव कमी असतो असे मानतात. पाजण्याच्या काळात पाळी लांबते, त्यामुळे संप्रेरकांचे चढउतारही कमी होतात. मात्र हा फायदा लगेच मिळत नाही. बाळंतपणानंतर काही वर्षे धोका उलट थोडा वाढतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार ही वाढ सुमारे पाच वर्षांनी सर्वाधिक असते.

हे सारे आकडे समूहाचे आहेत. त्यांवरून कोणा एकीचे भविष्य सांगता येत नाही, आणि मूल नसलेल्या किंवा पाजू न शकलेल्या स्त्रीला दोष तर मुळीच देता येत नाही. चार मुलांना पाजलेल्या आईलाही हा रोग होऊ शकतो. ‘मी तर सगळ्यांना अंगावर पाजलंय’ असे म्हणून तिने स्तनातली गाठ अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावी.