जादूच्या शाळेची कुळकथा

जादूगारांची शाळा ही कल्पना बालवाङ्मयांत आज इतकी रूढ झाली आहे कीं, ती जे. के. रोलिंगबाईंनींच प्रथम काढिली असा समज होणें स्वाभाविक आहे. 'हॅरी पॉटर' मालेचा पहिला भाग १९९७ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला, तेव्हां पक्क्या बांधणीच्या प्रती अवघ्या ५०० छापिल्या होत्या. सातवा आणि शेवटचा भाग २००७ सालीं निघाला. आणि ही कथा यथावकाश मराठींतही उतरली. परंतु कोणतेंही वाङ्मयीन कुल एका रात्रींत उभें राहत नाहीं. ह्या शाळेची वंशावळ शोधूं गेल्यास दोन निरनिराळीं घराणीं हातीं लागतात: एक युरोपांतील लोककथांचें, दुसरें इंग्रजी शाळाकथेचें. दोहोंकडेही एकच प्रश्न उभा असतो. ह्या शाळेंत प्रवेश कोणास, आणि त्याचें मोल काय?

पहिलें घराणें भीतीचें आहे. आइसलंडमध्यें सैमुंड (इ. स. १०५६–११३३) नांवाचा एक विद्वान् धर्मगुरु होऊन गेला. त्यानें परदेशीं विद्या संपादन केली होती. तीविषयीं लोकांनीं जी कथा रचिली ती जोन आर्नासन ह्यानें १८६२–६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या लोककथासंग्रहांत आहे. सैमुंड ज्या 'काळ्या शाळें'त शिकला ती जमिनीखालीं होती. तिला खिडकी नव्हती. अंधारांतही वाचतां यावे म्हणून ग्रंथ अग्निमय अक्षरांनीं लिहिलेले होते. गुरु कधीं दिसत नसे; केवळ एक करडा, केसाळ हात भिंतींतून अन्न पुढें करी. विद्यार्थी बाहेर पडूं लागले म्हणजे जो शेवटीं राहील तो सैतानाचा, असा तेथील करार. सैमुंड आपण होऊन शेवटीं राहिला आणि अंगावरचा सैल झगा सैतानाच्या हातीं सोडून निसटला. दुसऱ्या पाठांत सैतानाच्या हातीं त्याची सावली लागते. ट्रान्सिल्व्हेनियांतील अशाच एका शाळेची हकीकत एमिली जेरार्ड ह्या बाईंनीं १८८५ सालीं लिहिली. तेथें दहा शिष्य घेत, नऊ परत येत, आणि दहावा सैतान दक्षिणेदाखल ठेवून घेई. ज्या गांवांत वाचतां येणारा मनुष्य एखादाच, त्या गांवास दूरदेशच्या विद्यापीठाविषयीं वाटणारा धाक ह्या कथांतून बोलतो. विद्या अमोल खरी, पण तिचें शुल्क कोणी तरी आपल्या आत्म्यानें फेडतो, असा त्यांचा आशय आहे.

दुसरें घराणें अभिमानाचें. १८२८ पासून १८४२ पर्यंत डॉ. टॉमस आर्नल्ड हे रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा विद्यार्थी टॉमस ह्यूज ह्यानें १८५७ सालीं 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी लिहिली आणि शाळाकथेचा सांचा कायम झाला. घर सोडून आलेला मुलगा, आल्याबरोबर लाभलेला मित्र, दुबळ्यांस छळणारा दांडगा, मैदानावरील चुरस, आणि दुरून सर्व पाहणारा थोर मुख्याध्यापक, ही सारी सामग्री तेथें सिद्ध आहे. रोलिंगबाईंचा वृद्ध डम्बलडोर हा ह्याच आर्नल्डचा वंशज. परंतु ह्या शाळांचें नांव 'पब्लिक' असलें तरी त्यांचें दार सर्वांस उघडें नव्हतें. १८६१ सालीं नेमलेल्या क्लॅरेंडन आयोगानें अशा मुख्य शाळा म्हणून ज्यांची चौकशी केली, त्या अवघ्या नऊ होत्या.

दाराबाहेर राहिलेल्या मुलांनीं मग ह्या शाळा कागदावर पाहिल्या. 'मॅग्नेट' ह्या साप्ताहिकांत १९०८ पासून १९४० पर्यंत ग्रेफ्रायर्स नांवाच्या काल्पनिक शाळेच्या गोष्टी येत. त्यांतील बहुतेक चार्ल्स हॅमिल्टन ह्यानें 'फ्रँक रिचर्ड्स' ह्या नांवानें लिहिल्या. त्या शाळेंत एक हिंदी विद्यार्थीही होता. त्याचें नांव हरी जमसेट राम सिंग, भानीपूरचा नबाब! हिंदु, पारशी आणि शीख नांवांचें हें कडबोळें एकाच मुलास चिकटविण्यांत लेखकास कांहीं वावगें वाटलें नाहीं, आणि त्याचें विचित्र इंग्रजी हा विनोदाचा कायमचा विषय होऊन बसला. तथापि तो पांच जिवलग मित्रांच्या टोळींतील एक होता, हेंही सांगितलें पाहिजे. प्रवेश मिळाला तो नबाबास. त्याच्या रयतेस नव्हे. स्वतः ईटनमध्यें शिष्यवृत्तीवर शिकलेल्या जॉर्ज ऑर्वेलनें १९४० सालीं ह्या साप्ताहिकांची परीक्षा केली. अशा शाळेंत पाऊल टाकणें ज्यांना कधींच शक्य नाहीं, अशीं मुलेंही ह्या गोष्टींत रंगून जातात, हें त्यानें अचूक हेरलें.

पुढें हीं दोन घराणीं एकत्र आलीं. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन ह्यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ह्या कादंबरींत एका खेडवळ तांबटाचा मुलगा रोक बेटावरील विद्यालयांत जातो. तेथें त्याच्याकडून कोणी कांहीं मागत नाहीं. परंतु अहंकारापायीं तो एक भयंकर छाया जगांत मोकळी सोडतो, आणि पुढील सारा ग्रंथ तें ऋण फेडण्याची कथा आहे. सैमुंडाची सावली येथें नव्या अर्थानें परत आली. जिल मर्फी ह्यांनीं 'द वर्स्ट विच' (१९७४) मध्यें चेटकिणींच्या शाळेंतील एक धांदरट मुलगी रंगविली आणि धाकाच्या जागीं हंसूं आणिलें.

रोलिंगबाईंनीं ह्या संगमावर स्वतःचें असें एक पत्र ठेविलें. मावशीच्या घरीं जिन्याखालच्या कोंदट खणांत निजणाऱ्या पोरक्या हॅरीस शाळेचें बोलावणें येतें, आणि लिफाफ्यावरील पत्त्यांत तो खणही लिहिलेला असतो. ज्याची घरांत कोणी दखल घेतली नाहीं, त्याचा नेमका ठावठिकाणा शाळेस ठाऊक आहे! गरीब विद्यार्थ्यांस पुस्तकांसाठीं साह्य देणारा निधिही तेथें आहे. श्रीमंतीचें कुलूप निघालें. मात्र त्या जागीं उपजत शक्तीचें आलें, आणि ती अंगीं असलेल्यांतही रक्ताची शुद्धता मोजणारे निघाले. लेखिकेस ह्याची जाणीव आहे. हर्मायनीचा कुळावरून होणारा अपमान ती लपवीत नाहीं; आणि शेवटच्या भागांत तर जादूचा तिरस्कार करणाऱ्या त्या कजाग मावशीचेंच एक गुपित उघड होतें. बहिणीस बोलावणें आलें तेव्हां ह्या मुलीनेंही, मलाही घ्या, अशी विनवणी मुख्याध्यापकास लिहून कळविली होती. उत्तर मायाळू आलें, पण नकाराचें आलें.

सैतानाच्या शाळेंत शेवटचा विद्यार्थी आंत राहून जात असे. ह्या शाळेनें एका मुलीस बाहेर ठेविलें, आणि तिच्या मनांतील कडवटपणाचें मोल जिन्याखालीं निजणाऱ्या तिच्या भाच्यानें भरलें. प्रवेशपरीक्षांच्या याद्यांकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या घरांतून हीं पुस्तकें मोठ्या हौसेनें वाचलीं जातात. तेथें हॅरीस आलेल्या पत्राबरोबर मावशीस आलेलें पत्रही मुलांस वाचून दाखविण्यासारखें आहे.