पाषाणांचे आरमार आणि पऱ्हाटीचे रान

न्यू बेडफर्ड हे नाव आपल्याकडच्या इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते बहुधा हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ या १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमुळे. कादंबरीचा निवेदक इश्मेल डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री या बंदरात पोचतो. नॅन्टकेटला जाणारे गलबत सोमवारपर्यंत नाही असे कळल्यामुळे त्याला तेथेच थांबावे लागते. रविवारी तो खलाशांच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन ऐकतो आणि सोमवारी पुढे निघतो. जगातील एका थोर कादंबरीचा प्रारंभ असा शनिवार-रविवारच्या सक्तीच्या मुक्कामातून झालेला आहे. बोस्टनला मुलीकडे गेलो असताना मीही या शहरासाठी तेवढेच दोन दिवस राखून ठेवले. २०२५ च्या मार्चपासून बोस्टनहून तेथवर पुन्हा प्रवासी रेल्वे धावू लागल्यामुळे सुमारे ९० किलोमीटरचा हा प्रवास सोपा झाला आहे. गेलो होतो मेलव्हिलचे बोट धरून. पण त्या दोन दिवसांत जे पाहिले त्याचा अर्थ लावण्यासाठी मला नागपूर-वऱ्हाडचा इतिहास पुन्हा उघडावा लागला. समुद्रापासून इतक्या दूर वसलेल्या नागपूरचा आणि देवमासे मारणाऱ्या बंदराचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो संबंध आहे, आणि त्याला नेमके साल आहे : १८६१.

आधी बंदराविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू बेडफर्ड ही देवमाशांच्या शिकारीची जागतिक राजधानी होती. १८५७ साली या एका बंदराची ३२९ जहाजे या धंद्यात होती आणि त्यांवर सुमारे दहा हजार माणसे राबत होती. एकेक सफर तीन-तीन, चार-चार वर्षांची. अटलांटिक ओलांडून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून ही जहाजे प्रशांत महासागरात आणि पुढे आर्क्टिकच्या बर्फापर्यंत जात. मारलेल्या देवमाशाची चरबी जहाजाच्या डेकवरच विटांच्या भट्ट्या पेटवून कढवली जाई आणि पिंपांत भरलेले तेल घेऊन जहाज परत येई. या तेलावर दिवे जळत. स्पर्म देवमाशाच्या डोक्यातील मेणासारख्या द्रव्याच्या मेणबत्त्या होत. दुसऱ्या जातीच्या देवमाशांच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या छत्र्यांच्या काड्यांना आणि स्त्रियांच्या कंबरपट्ट्यांना लागत. आणि एक उपयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्यासारखा : स्पर्म देवमाशाचे तेल नाजूक, वेगवान यंत्रांना वंगण म्हणून उत्तम मानले जाई. सूतगिरणीच्या चात्या त्यावर फिरत. कापसाचा आणि देवमाशाचा पहिला संबंध असा चातीच्या टोकाशी जुळलेला आहे.

जॉनी केक हिल नावाच्या लहानशा चढावर प्रार्थनामंदिर आणि देवमासे-संग्रहालय समोरासमोर आहेत. १८३२ साली बांधलेल्या मंदिराच्या भिंतींवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत. समुद्रात नाहीशी झालेली, ज्यांना भूमी लाभली नाही अशी ही माणसे. फलक खरे आहेत आणि मेलव्हिलने ते पाहिलेले आहेत. व्यासपीठाची गोष्ट मात्र निराळी. कादंबरीतील धर्मोपदेशकाचे व्यासपीठ जहाजाच्या नाळेच्या आकाराचे आहे. ती मेलव्हिलची कल्पना. मंदिरात तसे काहीही नव्हते. १९५६ साली जॉन ह्यूस्टनचा चित्रपट आला, प्रवासी येऊन त्या व्यासपीठाची चौकशी करू लागले, आणि १९६१ साली मंदिरात जहाजाच्या नाळेसारखे व्यासपीठ बसवण्यात आले. कादंबरी वास्तवाचे अनुकरण करते हे आपण वर्गात शिकवतो. येथे वास्तवाने कादंबरीपुढे मान तुकवली आहे. एखाद्या गावाला पुस्तक लाभले की त्या गावाची स्मृती कोणते रूप घेते, याचे हे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे.

समोरच्या संग्रहालयात ‘लॅगोडा’ या शिकारी जहाजाची निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे. इतकी मोठी की तिच्यावर चढून हिंडता येते. छताला देवमाशांचे सांगाडे टांगलेले आहेत. त्यांतील एक निळा देवमासा १९९८ साली एका तेलवाहू जहाजाच्या धडकेने मेला. त्याच्या हाडांतून कित्येक वर्षांनंतरही तेल पाझरत राहिले आणि ते गोळा करण्यासाठी खाली पात्र लावलेले आहे. ज्या वस्तूसाठी हे शहर उभे राहिले ती वस्तू अशी थेंबाथेंबाने, कोणी न मागता, संग्रहालयात टपकते आहे.

परंतु मला अधिक विचारात पाडले ते हिशेबांनी. शिकारी जहाजावर पगार नसे, हिस्सा असे. सफरीच्या शेवटी तेल विकले गेले की मालक आपला वाटा घेई, कप्तानाला साधारण पंधरावा-सोळावा हिस्सा मिळे, आणि नवख्या खलाशाच्या वाट्याला दीडशेवा, पावणेदोनशेवा किंवा त्याहूनही लहान तुकडा येई. त्यातून निघताना घेतलेली उचल, वाटेत जहाजाच्या दुकानातून घेतलेले कपडे आणि तंबाखू, हे सर्व वजा होई. चार वर्षे समुद्रावर काढून माणूस हाती जवळजवळ काही न घेता, क्वचित कर्जदार होऊन उतरे. उचल, वजावट, आणि शेवटी हाती उरलेले शून्य : हा हिशेब विदर्भातल्या कास्तकाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. उभ्या पिकावर सावकाराकडून घेतलेल्या पैशाची वही आणि जहाजमालकाची वही यांत फरक भाषेचाच काय तो.

बंदराच्या गोदीचे आणखी एक चित्र फ्रेडरिक डग्लसने लिहून ठेवले आहे. गुलामीतून निसटून १८३८ साली तो या शहरात आला. जहाजाच्या फळ्यांतील सांधे बुजवण्याचे काम तो बाल्टिमोरला शिकला होता आणि येथे त्या कामाला मागणी होती. पण काळ्या माणसाला ते काम दिले तर गोरे कारागीर काम सोडून जातील, असे त्याला सांगण्यात आले. कसब असूनही त्याने ओझी वाहिली, लाकडे फोडली, मिळेल ती मजुरी केली. गुलामगिरीविरोधी म्हणून नावाजलेल्या, क्वेकर मालकांच्या या शहरातही हे घडत होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगाराला विणाई खात्यात घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा इतरांना ‘विटाळ’ होई. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. डग्लसच्या आठवणी वाचताना मला त्या धोट्याची आठवण होणे अपरिहार्य होते.

आता १८६१ कडे वळू. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामांच्या श्रमातून येई. तो कापूस बाहेर पडू न देणे हा उत्तरेच्या युद्धनीतीचा एक प्रमुख भाग होता. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करण्यासाठी आरमाराने एक चमत्कारिक योजना आखली. देवमाशांच्या शिकारीची म्हातारी झालेली जहाजे न्यू बेडफर्ड आणि आसपासच्या बंदरांतून विकत घेतली. १८५९ साली पेन्सिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागल्यापासून या जहाजांचे भवितव्य तसेही अंधारले होते. त्यांत न्यू इंग्लंडच्या शेतांच्या बांधांवरचे दगड भरले. तळाला भोके पाडून त्यांत बुचे बसवली. नोव्हेंबरात हा ताफा निघाला. १८६१ च्या डिसेंबरात चार्ल्सटन बंदराच्या मुखाशी सोळा जहाजांची बुचे काढून ती बुडवण्यात आली आणि जानेवारीत आणखी काही. इतिहासात याला ‘स्टोन फ्लीट’, म्हणजे पाषाणांचे आरमार, म्हणतात. समुद्राने ते मानले नाही. प्रवाहांनी बाजूने नवी वाट कोरली, जहाजे चिखलात रुतली, त्यांचे लाकूड किड्यांनी खाल्ले. स्वतः देवमाशांच्या शिकारीवर गेलेल्या मेलव्हिलने या जहाजांवर एक विलापकविता लिहिली. ती त्याच्या १८६६ च्या युद्धकवितांच्या संग्रहात आहे.

दगडांचा बांध वाहून गेला. नाकेबंदी मात्र युद्धनौकांच्या बळावर घट्ट होत गेली. लँकेशायरच्या गिरण्या कच्च्या मालावाचून बंद पडू लागल्या आणि मँचेस्टरचे डोळे आपल्याकडे वळले. योगायोग पाहा : १८६१ च्या ज्या नोव्हेंबरात ते दगडी आरमार न्यू बेडफर्डहून निघाले, त्याच नोव्हेंबरात मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले होते आणि वऱ्हाड त्याच्या आदल्या वर्षी निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला होता. काळी कसदार जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांचे कापसाचे ज्ञान आणि हाताशी आलेली सत्ता. मागणीचा लोंढा आला तेव्हा वाट तयार होती. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला, गंगेकाठी जाई. मुंबईकडे त्याची वाहतूक सुरू करणाऱ्यांत विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीचे नाव १८२५-२६ पासून घेतले जाते. आता अमरावती, खामगाव, हिंगणघाट येथील बाजारांत लिव्हरपूलचा भाव बोलू लागला. ज्याने समुद्र पाहिला नाही अशा कास्तकाराच्या पऱ्हाटीची किंमत चार्ल्सटनच्या खाडीतल्या घडामोडींवर ठरू लागली.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत शेअरबाजाराचा फुगा फुटून भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. त्या कथा आपल्याकडे रंगवून सांगितल्या जातात. शेतात काय झाले हे तितके सांगितले जात नाही. आगगाडी नागपुरास पोचली ती १८६७ साली, तेजी ओसरल्यानंतर दोन वर्षांनी. पण रूळ आले म्हणजे कापूस राहणारच. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या अभ्यासात दाखवले आहे, की कापसाच्या या विस्ताराने प्रदेशाची अन्नसुरक्षा दुबळी केली आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत त्याची किंमत मोजावी लागली. न्यू बेडफर्डच्या खलाशाने समुद्रावर जे गमावले, ते आमच्या कास्तकाराने जमिनीवर गमावले. दोघांच्याही मालाचा भाव दोघांनाही न दिसणाऱ्या ठिकाणी ठरत होता.

पुढची समांतरता तर थक्क करणारी आहे. देवमाशांतून मिळवलेले भांडवल न्यू बेडफर्डने कापडगिरण्यांत घातले. १८४६ साली स्थापन झालेली वॉमसटा ही त्यांतील पहिली मोठी गिरणी. नागपुरात जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेवर उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, सुरू झाली. १९२८ च्या एप्रिलमध्ये न्यू बेडफर्डच्या गिरणी कामगारांनी वेतनकपातीविरुद्ध संप पुकारला. त्याच महिन्यात मुंबईच्या गिरण्यांतही सार्वत्रिक संप सुरू झाला, आणि दोन्ही संप ऑक्टोबरपर्यंत चालले. नंतर दोन्हीकडे गिरण्या मिटल्या. वॉमसटाच्या इमारतीत आज सदनिका आहेत. एम्प्रेस मिल १९८६ साली राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली, आणि तिच्या जागेवर मॉल व निवासी संकुल उभे राहिले. एकच माल, एकच यंत्र आणि जवळजवळ एकच शेवट.

फरक आहे तो स्मृतीच्या व्यवस्थेत. न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात जहाजांच्या दोन हजारांहून अधिक रोजनाम्यांचा संग्रह आहे. खलाशांच्या याद्यांचा शोध कोणालाही घेता येतो. एखाद्या साध्या खलाशाचे नाव, वय, गाव, वर्ण, त्याचा हिस्सा, तो कुठल्या बंदरात पळून गेला, हे दीडशे वर्षांनंतर त्याच्या पणतूला सापडू शकते. या जपणुकीत गौरवाचा भाग आहेच. हार्पूनपुढे जेवढी गर्दी असते तेवढी हिशेबाच्या वहीपुढे नसते, आणि देवमाशांच्या संहाराबद्दलची खंतही संग्रहालयाला बरीच उशिरा सुचली. तरीही वही आहे, म्हणून वाद घालता येतो. एम्प्रेस मिलचा इतिहास आपण सांगतो तेव्हा जमशेटजींची दूरदृष्टी येते, रिंग पद्धतीच्या चात्यांचा धाडसी प्रयोग येतो, १८८६ चा निवृत्तिवेतन निधी येतो. हे सर्व खरे आहे आणि सांगण्यासारखे आहे. पण त्या चात्यांवर उभ्या असलेल्या बायाबापड्यांची नावे? मी शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात एकदोघांचे आजोबा तरी ‘मिलमध्ये’ होते. ‘कोणत्या खात्यात?’ असे विचारले की बहुतेकांना सांगता येत नसे.

आपल्या साहित्याने काहीच केले नाही असे मुळीच नाही. वसंत मून यांच्या ‘वस्ती’ने नागपूरच्या एका दलित वस्तीचे जगणे जपले आहे. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने, २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराच्या आधीपासूनच, विदर्भातील शेतकऱ्याची कोंडी वाचकांपुढे ठेवली आहे. तरी शेत, जिनिंग, गिरणी आणि दूरचा बाजार यांना एका सूत्रात ओवणारी दृष्टी आपल्या अभ्यासक्रमात यायची आहे. मेलव्हिलचे मोठेपण मला या भेटीनंतर वेगळ्या रीतीने कळले. त्याने देवमाशाचे प्रतीक केले हे तर आपण परीक्षेत लिहितोच. पण त्याआधी त्याने धंदा समजून घेतला. चरबी कशी कापतात, भट्टी कशी पेटवतात, कोणाला कितवा हिस्सा मिळतो, हे त्याने प्रकरणामागून प्रकरण लिहिले आणि त्या तपशिलातूनच त्याचे तत्त्वज्ञान उगवले. गावाला पुस्तक लाभते ते असे.

नागपूरच्या महाविद्यालयांतून दरवर्षी प्रकल्प लिहिले जातात. त्यांतील काही तरी या कामाला लागावेत. साचेवाल्यांच्या, बदलीवाल्यांच्या, रिंग खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या स्त्रियांच्या आठवणी अजून घरोघरी आहेत. ट्रंकेत हजेरीची कार्डे आहेत, निधीच्या पावत्या आहेत, कामगारांची अशी खास भाषा आहे. गिरणी बंद होऊन दोन दशके उलटली आहेत, आणि ती भाषा बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. देवमाशाच्या हाडांतून तेल आपसूक पाझरते. माणसांच्या आठवणी तशा पाझरत नाहीत. त्या कोणीतरी जाऊन विचाराव्या लागतात.