वाहन-नियंत्रकांतील संवाद व दोषनिदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉईट येथे 'कॅन' प्रणाली मांडली आणि वाहनातील इंजिन, ब्रेक इत्यादींचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक दोन सामायिक तारांवरून संदेश देऊ लागले. कानाने इंजिन ओळखणाऱ्या कारागिराहाती स्कॅनर आला. तथापि, स्कॅनर 'संपर्क तुटला' एवढेच सांगतो. दोष नियंत्रकात की तारेत, हे अनुमान माणसाचेच. बॅटरी सोडवून दोन तारांमधील रोध मोजल्यास, टोकांवरील १२० ओहमच्या दोन समांतर रोधकांमुळे तो सुमारे ६० यावा. १२० आल्यास एक रोधक वा त्याची तार तुटलेली असते. एवढे न तपासता नियंत्रक बदलल्यास ग्राहकास नाहक भुर्दंड पडतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाल्याने सोयगावसारख्या तालुक्यातील गॅरेजांनाही हे ज्ञान अनिवार्य ठरले आहे. सारांश, यंत्र बदलले तरी कारागिराच्या तर्कबुद्धीचे मोल घटलेले नाही. व्यवसाय शिक्षणाने तिची जोपासना करणे अगत्याचे आहे.