संगणकातील मोकळे खण

1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या पेटीत सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हसाठी दोन खण होते, जादा कार्डे बसविण्यासाठी पाच स्लॉट होते, आणि आतील मंडलांचे आराखडे, इतकेच नव्हे तर बायोसचा संपूर्ण मजकूरसुद्धा छापलेली तांत्रिक पुस्तिका कोणाही ग्राहकास विकत मिळत होती. यंत्राची विक्री झाल्यावर त्याच्या पोटात काय भरावे याचा अखत्यार घेणाऱ्याकडे जावा, अशाच बेताने जणू ही सारी तजवीज केलेली होती. तथापि ज्या एका वस्तूसाठी ही मुभा पुढे सर्वांत अगत्याची ठरली, त्या हार्ड डिस्कला मूळ यंत्रात थारा नव्हता. वीजपुरवठा अवघा 63.5 वॅटचा असल्यामुळे फिरत्या तबकड्यांचा भार त्यावर टाकणे धोक्याचे होते, आणि डॉसच्या पहिल्या आवृत्तीला हार्ड डिस्क म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. मोकळा खण दिसतो म्हणून त्यात संग्रह वाढविता येतोच असे नाही. जागेच्या जोडीला वीज लागते, उष्णतेचा निचरा लागतो आणि नव्या पाहुण्याची नोंद घेणारी आज्ञावली लागते, ही गोष्ट या पहिल्याच यंत्राने दाखवून दिली.

त्या खणाचे माप कोठून आले हेही पाहण्यासारखे आहे. शुगार्ट असोसिएट्सने 1976 मध्ये सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह बाजारात आणला. त्या कंपनीतून त्याआधीच बाहेर पडलेल्या ॲलन शुगार्ट यांनी पुढे, फिनिस कॉनर प्रभृतींच्या साह्याने जी कंपनी स्थापन केली आणि जी आज सीगेट या नावाने ओळखली जाते, तिने 1980 मध्ये एसटी-506 ही पाच मेगाबाइटची हार्ड डिस्क नेमक्या त्याच आकारात तयार केली. जुन्याच्या जागी नवे चपखल बसावे, पेटी बदलावी लागू नये, हा त्यामागील हिशेब इतका दूरदर्शी ठरला, की मूळ फ्लॉपी अस्तंगत झाल्यावरही त्या मापाचे खण सीडी आणि डीव्हीडीच्या ड्राइव्हसाठी अनेक वर्षे वहिवाटीत राहिले. स्कॉटलंडमधील रोडाइम कंपनीने 1983 मध्ये साडेतीन इंची हार्ड डिस्क आणली आणि दुसरे माप रूढ झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी काढून दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क, आठ स्लॉट, 130 वॅटचा वीजपुरवठा आणि फायलींची शाखोपशाखांत वर्गवारी करू देणारे डॉस 2.0 असा सर्व सरंजाम एकदम दिला. दोन वर्षांपूर्वी राहिलेली उणीव भरून निघाली ती अशी, सर्व अंगांनी एकसमयावच्छेदेकरून.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे ॲपलचा मॅकिन्टॉश, आणि त्याची हकिकत थोडी सविस्तर सांगणे अवश्य आहे; कारण ज्या कंपनीच्या ॲपल-टू यंत्रात स्टीव्ह वोझनियाक यांच्या आग्रहामुळे 1977 मध्येच आठ स्लॉट होते, त्याच कंपनीने 1984 च्या जानेवारीत 128 केबी स्मृतीचे आणि 400 केबीच्या एका फ्लॉपीवर चालणारे असे यंत्र विक्रीस आणले, की ज्यात एकही स्लॉट नव्हता, हार्ड डिस्कसाठी खण नव्हता, पंखा नव्हता, आणि पेटीचे काही स्क्रू इतके खोल बसविलेले होते की घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरने ते निघू नयेत. स्टीव्ह जॉब्झ यांची धारणा अशी होती की यंत्र हे पूर्ण वस्तू म्हणून ग्राहकाच्या हाती जावे. त्याने ते वापरावे, उघडू नये. या धारणेत सौंदर्यदृष्टी निश्चित होती, आणि ते यंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती मान्यच करावी लागेल. परंतु माणसाच्या लिखाणाला, चित्रांना आणि हिशेबांना किती जागा लागेल याचा अंदाज निर्मात्याने एकदाच करावा आणि तो कायमचा ठरावा, हे मला त्या वेळच्या परिस्थितीतही अन्यायाचे वाटते. एकाच फ्लॉपी ड्राइव्हच्या त्या मॅकवर नक्कल करावयाची म्हणजे दोन फ्लॉप्या पुनःपुन्हा आलटून पालटून घालीत बसावे लागे. कंपनीतल्या कंपनीत बरेल स्मिथ या अभियंत्याने निदान स्मृती 512 केबीपर्यंत वाढविता यावी एवढी सोय मंडलात ठेवली होती, ही त्याची दूरदृष्टी. संग्रहासाठी मात्र कोणी तशी फट ठेवली नाही.

ती फट बाहेरच्यांनी पाडली. मॅसॅच्युसेट्समधील जनरल कॉम्प्युटर या कंपनीने, जिने पूर्वी 'मिस पॅक-मॅन' हा खेळ रचला होता, 1985 च्या आरंभी 'हायपरड्राइव्ह' नावाची दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क मॅकच्या बंद पेटीत बसवून दाखविली. जोडण्यास अधिकृत जागा नव्हती, म्हणून तिचे मंडल थेट 68000 या मुख्य प्रोसेसरवर चिमट्यासारखे घट्ट बसवीत असत. ॲपलने त्याच वर्षी 'हार्ड डिस्क 20' काढली, ती पेटीबाहेर, मॅकच्या बुडाखाली ठेवण्याची. पण ती फ्लॉपीच्या वाटेने जोडावी लागत असल्यामुळे वेगाला मर्यादा पडे. अखेरीस 1987 मध्ये आलेल्या मॅकिन्टॉश एसईत कंपनीने आतील हार्ड डिस्कची, एका स्लॉटची आणि पंख्याचीही सोय केली, आणि मॅकिन्टॉश-टूमध्ये तर सहा स्लॉट दिले. तीन वर्षांत धोरण इतके फिरले, याचे श्रेय ज्यांनी परवानगीची वाट न पाहता पेटी उघडली त्या कारागिरांना मोठ्या प्रमाणात द्यावे लागेल.

पीसीच्या बाजूला मधल्या काळात अडचण आली ती मापांच्या आकड्यांत. आयडीई पद्धतीच्या एका पट्टीसारख्या केबलवर दोनच ड्राइव्ह बसत, एक 'मास्टर' आणि एक 'स्लेव्ह'. शिवाय बायोसचे 1,024 सिलिंडर व 63 सेक्टर आणि ड्राइव्हची 16 हेड यांचा गुणाकार 52 कोटी 84 लाख बाइटांच्या पुढे जाऊ देत नसे, ती अडचण सुटली तर 137 गिगाबाइटांची सीमा आडवी आली, आणि तीही ओलांडल्यावर जुन्या पार्टिशनपद्धतीची सुमारे 2.2 टेराबाइटांची. 2003 पासून साटा पद्धत आल्यावर प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र केबल मिळाली आणि एका केबलवर दोनच ड्राइव्ह बसण्याची अडचण मिटली.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जुळवून दिलेल्या संगणकांचा जो व्यापार फोफावला, तो या मोकळ्या खणांच्याच आधारावर. कॅबिनेट निराळे, एसएमपीएस निराळा, मदरबोर्ड निराळा, आणि हार्ड डिस्क आज परवडेल तेवढी. पुढे पैसे हाती आले की दुसरी तिच्याशेजारी बसवावी, असा मध्यमवर्गाचा तो शिरस्ता होता. घर बांधताना जोते अंमळ मोठे धरून ठेवणाऱ्या कर्त्या पुरुषाचे शहाणपण त्यात होते, आणि ज्यांची मिळकत टप्प्याटप्प्याने वाढते त्यांच्यासाठी याहून सभ्य व्यवस्था मला दिसत नाही.

ॲपलच्या मोठ्या यंत्रांत या प्रश्नाने पुन्हा डोके वर काढले ते 2003 साली. पॉवर मॅक जी-4 च्या 2002 मधील पेटीत हार्ड डिस्कसाठी चार खण होते. त्याचा वारस जी-5 आकाराने भव्य असूनही त्यात दोनच उरले. त्याच्या प्रोसेसरांची उष्णता एवढी होती, की तिच्या निवारणार्थ नऊ पंखे आणि विस्तीर्ण धातुपत्रे बसवावी लागली, आणि चित्रपट व ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या ज्या मंडळींसाठी हे यंत्र होते, त्यांच्याच गरजेला नेमकी कात्री लागली. पुन्हा इतर कारखानदारांनी जादा ड्राइव्ह पेटीत कोंबण्यासाठी कंस आणि चौकटी काढल्या. 2006 च्या मॅक प्रोत इंटेलचे प्रोसेसर आले, त्यांना थंड ठेवण्यास कमी जागा पुरली, आणि केबलीवाचून सरकवून बसविता येणारे चार खण परत आले. माझ्या मते आंतरिक विस्ताराची इतकी सुबक व्यवस्था कोणत्याही डेस्कटॉपमध्ये क्वचितच झाली असेल. तरीही 2013 मध्ये त्याची जागा एका काळ्या दंडगोलाने घेतली, ज्यात फ्लॅश संग्रहाचे एकच मॉड्यूल होते आणि बाकी सर्व विस्तार बाहेरून, थंडरबोल्टच्या सहा पोर्टांवाटे करावयाचा होता. 2017 च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी काही मोजक्या पत्रकारांपुढे या आराखड्याची कोंडी झाल्याचे कबूल केले, आणि 2019 च्या मॅक प्रोत आठ स्लॉट देण्यात आले.

आज लॅमिंग्टन रोडवरील कॅबिनेटांना काचेच्या भिंती आल्या आहेत. सव्वापाच इंची खण बहुतेकांतून गेला आहे आणि साडेतीन इंची एखाददुसरा वीजपुरवठ्याशेजारी तळाला दडलेला असतो. त्यांच्याऐवजी मदरबोर्डवरच एम.2 चे दोन-तीन स्लॉट असतात, वेगाने साटाला कितीतरी मागे टाकणारे. परंतु त्यांची संख्या प्रोसेसर आणि चिपसेट किती पीसीआय-एक्सप्रेस लेन देतात यावर बांधलेली असते, आणि अनेक मदरबोर्डांवर एक एम.2 भरला की साटाची एखाद-दोन पोर्टे आपोआप बंद पडतात, ही अट पुस्तिकेच्या तळटीपेत छापलेली असते. वीस टेराबाइटांहून मोठी हार्ड डिस्क अजूनही साडेतीन इंची आकारातच मिळते. म्हणून ज्याला आपली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे किंवा एखाद्या संस्थेचे सबंध दप्तर स्वतःच्या ताब्यात ठेवावयाचे आहे, त्याने यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराकडून ती पुस्तिका मागून घ्यावी, सर्व एम.2 भरल्यावर साटाची किती पोर्टे शिल्लक राहतात हे तीत पाहावे, आणि मग कॅबिनेटची बाजूची भिंत उघडावयास लावून तळाचे खण स्वतः मोजावेत.