नकाशांचे एकत्रीकरण आणि पुनर्वर्गीकरण : पारदर्शक पटांपासून संगणकापर्यंत

एकाच प्रदेशाचे निरनिराळे नकाशे एकावर एक ठेवून त्यांतून नवा नकाशा सिद्ध करण्याची रीत संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणालीहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९५० साली प्रसिद्ध झालेल्या नगररचनेच्या एका पाठ्यपुस्तकात जॅकेलिन टिरव्हिट यांनी ती विशद केली होती. तथापि तिला व्यापक प्रसिद्धी मिळाली, ती पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील इयन मॅकहार्ग यांच्या १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथामुळे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील रिचमंड पार्कवे या रस्त्याचा मार्ग शोधताना त्यांनी उतार, मृदा, वने, वस्ती, ऐतिहासिक स्थळे इत्यादी घटकांचे पारदर्शक पट तयार केले. जेथे मूल्य अधिक, तेथे छटा गडद. सर्व पट एकत्र ठेवल्यावर जो पट्टा फिकट राहिला, तोच समाजाला सर्वांत कमी हानी पोहोचविणारा मार्ग ठरला.

या रीतीत वस्तुतः दोन क्रिया होत्या. प्रथम प्रत्येक नकाशातील अनेक वर्ग मोजक्या तीन श्रेणींत बसविले गेले. नंतर त्या श्रेणी एकत्र आल्या. दुसरी क्रिया डोळ्यांना दिसे. पहिलीत, म्हणजे पुनर्वर्गीकरणात, अभ्यासकाचा निर्णय सामावलेला असे आणि तो मात्र सहसा नजरेआड राही.

संगणकाने हे काम अंकांवर आणले. १९६५ मध्ये हॉवर्ड फिशर यांनी हार्वर्ड विद्यापीठात संगणकीय आरेखनाची प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील ‘सिमॅप’ ही आज्ञावली लाइन-प्रिंटरवर अक्षरांवर अक्षरे छापून नकाशातील छटा उठवी. प्रदेश चौरस घरांत विभागून प्रत्येक घरास एक अंक देण्याची पद्धती रूढ झाली. हाच रास्टर नकाशा. डॅना टॉमलिन यांनी १९८३ चा येल विद्यापीठातील प्रबंध व १९९० चा ग्रंथ यांतून अशा नकाशांवरील क्रियांना व्याकरण दिले. एकाच घरापुरती, शेजारच्या घरांचा विचार करणारी व संपूर्ण विभागाची, असे क्रियांचे प्रमुख प्रकार त्यांनी वेगळे केले. अमेरिकन सैन्याच्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून विकसित झालेल्या ‘ग्रास’ या प्रणालीत नकाशांची बेरीज वा गुणाकार बीजगणितातील सूत्राप्रमाणे लिहिता येऊ लागला.

परंतु सुलभतेबरोबर जुना दोषही दृढ झाला. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्येच दाखविले होते की, केवळ क्रम दर्शविणारे अंक व खरे परिमाण दर्शविणारे अंक यांत भेद आहे. नियोजनशास्त्रज्ञ लुइस हॉपकिन्स यांनी १९७७ च्या लेखात क्रमदर्शक श्रेणींची बेरीज गणितदृष्ट्या असमर्थनीय असल्याचे प्रतिपादन केले. उतार व मृदा यांस १ (वाईट) ते ३ (उत्तम) अशा श्रेणी दिल्या, तर दरड कोसळणारा उतार व उत्तम मृदा असलेल्या घराची बेरीज ४ होते. दोन्ही बाबतींत मध्यम असलेल्या घराचीही ४ च. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने ही दोन स्थळे समान नव्हेत. नकाशावर मात्र त्यांना एकच रंग मिळतो.

यावरील उपाय म्हणजे बेरीज न करता प्रत्येक संयोगाला स्वतंत्र क्रमांक देणे व नंतर त्या संयोगांचे विचारपूर्वक पुनर्वर्गीकरण करणे. दोन नकाशांचे ९ संयोग तपासणे सोपे आहे. पण तीन-तीन श्रेणींचे पाच नकाशे घेतल्यास संयोग २४३ होतात. बेरजेचा मोह टिकून राहिला त्याचे एक मोठे कारण या संख्येत आहे. म्हणून ज्या संयोगात एकच दोष निर्णायक ठरतो, तो नियमाने प्रथम वगळणे व उरलेल्यांचाच विचार करणे हा मध्यम मार्ग व्यवहार्य होय.

या संदर्भात ‘ग्रास’मधील एक योजना उद्बोधक आहे. तेथे पुनर्वर्गीकृत नकाशा म्हणजे नवी घरे नसून मूळ नकाशाकडे निर्देश करणारे केवळ एक कोष्टक असते. मूळ नकाशा गेला की तोही निरर्थक ठरतो. निरीक्षण एकीकडे व निर्णय दुसरीकडे, असा हा भेद आहे. मॅकहार्ग यांच्या पटांवर तो छटांत विरून गेला होता. अंतिम नकाशाबरोबर हे कोष्टकही अभ्यासकाने सादर केले, तरच कोणती भूमी कोणाच्या निर्णयाने ‘योग्य’ ठरली, हे पुढील पिढीला तपासता येईल.